सोमारीच्या तोंडावरचा डाग

खोटं वाटलं तर पोंभुर्ण्याकडे या आणि शेजारच्या गावातल्या मुखरूला विचारा. मी अजीम, तिथं माझा फोटो स्टुडिओ आहे. भुताखेतांच्या गोष्टींना मी आजवर हसतच आलो.

तारीख सतरा एप्रिल २००८. भर दुपार. जागा, अंधारी नदीच्या काठचा घाट.

मुखरूची आई सोमारी त्या सकाळी गेली. जन्मात तिचा एक धड फोटो नव्हता. मतदार कार्डावर होता, पण त्यात ती आहे की तिची शेजारीण, हे देवालाच ठाऊक.

आमच्या भागात मयत उचलण्याआधी घरचे सगळे भोवती बसून शेवटचा फोटो काढतात. त्यासाठी मुखरूने मला बोलावलं.

"अजीमभाऊ, बाकी कसंबी येऊ द्या. मायचं तोंड साफ आलं पायजे. तेरवीले तोच फोटू मांडाचा हाय."

अंगणात फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आम्ही दोघांनी पाहिला. चेहरा स्वच्छ होता.

मग घाटावर मी माती खाल्ली. सगळी माणसं एका फोटोत मावेनात, म्हणून पेटलेल्या चितेजवळ, वाऱ्यात उभं राहून लेन्स बदलली. नवशिक्याही असं करत नाही. लेन्स काढली की आतली काच उघडी पडते, जिच्यावर फोटो उमटतो. आम्ही तिला सेन्सर म्हणतो.

वारा फिरला. राख आत गेली.

नंतरच्या प्रत्येक फोटोत मधोमध एक करडा डाग. सेन्सरवर कण बसला की असंच होतं, दर फोटोत त्याच जागी. एवढं तर मलाही कळतं.

पण संध्याकाळी कॉम्प्युटरवर अंगणातला फोटो उघडला...

डाग तिथंही होता. नेमका सोमारीच्या तोंडावर.

तो फोटो तर राख पडण्याआधीचा होता.

मी रबरी फुग्याने आत हवा मारून धूळ उडवली, मग औषध लावलेल्या पट्टीने सेन्सर पुसला. पट्टी काळी झाली. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहिला, लख्ख आला. मग पुन्हा सोमारीचा फोटो उघडला...

डाग वाढला होता. आता कानही दिसत नव्हते.

माझी बायको कहकशाँ म्हणाली, कॅमेरा नदीत टाका. मी म्हटलं, चिमूटभर राखेला घाबरायचं असतं तर किराणा दुकान नसतं का टाकलं?

रोज पुसत होतो. अकरा दिवस. भीती नव्हती, राग येत होता. म्हातारीच हट्टाला पेटली आहे असं वाटायचं. सोमारीबाई, पोटच्या पोराला तोंड दाखवायला तुमचं काय जातं, असं तिला ऐकवायचोही.

तेरवीच्या आदल्या दिवशी मुखरूकडे गेलो आणि खरं ते सांगून टाकलं. कॅमेरा आता साफ आहे हे त्याला दाखवावं म्हणून मी त्याच्या ताज्या चुना मारलेल्या भिंतीचा फोटो काढला. पडदा त्याच्यापुढे धरला...

भिंतीवर एका बाईचा चेहरा होता.

करडा. डोळे उघडे. सरळ आमच्याकडे बघणारे.

मी कॅमेरा सोडला नाही. मुखरूने पडद्याजवळ डोळे नेले. सोमारीबाईच ना, असं मी विचारलं.

तो दोन पावलं मागे सरला.

"हे माही माय नाई, भाऊ."

त्या घाटावर गावाने किती पिढ्या जाळल्या, कोण सांगणार? तिथली राख एकट्या सोमारीची थोडीच होती.

तेरवीला मुखरूने फोटोच्या जागी आईचं लुगडं मांडलं.

कॅमेरा मी विकला नाही, नदीतही टाकला नाही. सोमारीचा तो फोटोही जपून ठेवला आहे. अधूनमधून उघडतो. डाग तसाच आहे. उघडताना भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण दर वेळी त्या डागाला मोठ्याने सांगतो.

तू कोण आहेस मला माहीत नाही. ती जागा सोमारीची आहे. सरक तिथून.