खिडकीने मारलेला माणूस

दवाखान्यात मलमपट्टीच्या खोलीबाहेर तो एकटाच बाकावर बसला होता. डाव्या भुवईला टाके, कॉलरवर रक्त. ती सरळ जाऊन त्याच्या शेजारी बसली.

तिचं कामच ते. कुणी मार खाऊन इथे आला की जखम सुकायच्या आत त्याचे मित्र सूड घ्यायला निघतात. त्याआधी त्याच्याशी बोलायचं, म्हणून तिच्या संस्थेचं कुणी ना कुणी रोज सकाळी इथे चक्कर मारायचं.

"पाणी हवंय?"

"नको... बरं, द्या."

"कुणी मारलं?"

तोंडाशी नेलेली बाटली त्याने खाली घेतली. "खिडकीने."

सगळे असंच सांगतात. जिन्यावरून पडलो, दार लागलं. ती शांतपणे म्हणाली, "नाव नका सांगू, मला नाव नकोच असतं. एवढंच सांगा, परत जाऊन बघून घ्यायचा विचार आहे का?"

"खिडकीला?"

"रागात माणूस काहीही करतो. आजचा दिवस थांबा. घरी कोण असतं?"

"आई. पण ती खिडकीच्या बाजूने बोलेल. अहो, ऑफिसची खिडकी! पडलेला कागद उचलायला वाकलो, तेवढ्यात वाऱ्याने उघडली, आणि मी उठलो तो..." त्याने कपाळाकडे बोट दाखवलं.

तिचं लक्ष आत्ता त्याच्या हातांकडे गेलं. बोटांच्या सांध्यांवर साधा ओरखडासुद्धा नव्हता. हे आधी पाहायला हवं होतं. तिचे कान गरम झाले.

"मग कडी लावा, आणि मिटवून टाका," ती म्हणाली.

तो हसला. टाके ओढले गेले, "आई गं" म्हणाला आणि तरी हसतच राहिला. मग तिलाही आवरेना.

पुढच्या आठवड्यात तो संस्थेच्या दारात उभा. वस्तीतली हाणामारी थांबवणाऱ्या संस्थांना अनुदान देणारा एक निधी होता. त्या निधीकडून पाहणीला आलेला अधिकारी हाच.

"तुम्ही?"

"मीच. कडी लावली हं."

संस्थेचं जुनं अनुदान संपत आलं होतं. नवं मिळालं नाही तर दोन खोल्यांना कुलूप लागणार होतं. मग वस्तीतल्या सतत भांडणाऱ्या वरच्या आणि खालच्या गल्लीच्या मध्ये उभं राहायला कुणीच उरणार नव्हतं. तिच्याबरोबर काम करणारे मामा तरुणपणी स्वतः मारामाऱ्या करून तुरुंगात जाऊन आलेले. त्यांनी पाहुण्याचं नाव पहिल्याच दिवशी 'खिडकी' ठेवलं.

तो वरचेवर येऊ लागला. सगळं नीट विचारायचा.

"न झालेलं भांडण मोजायचं कसं?"

"ज्या दिवशी मी इथे कंटाळून बसलेली दिसेन, तो दिवस चांगला गेला समजा."

"मग आजचा?"

"आज तुम्ही आलात. कंटाळायला वेळ कुठे मिळाला?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. तो उगाच भिंतीकडे बघत बसला.

एकदा गाडी लावण्यावरून दोन घरं हमरीतुमरीवर आली. ती मध्ये उभी राहून दोघांचंही ऐकून घेत होती. पाऊस आला तरी हलली नाही. भांडण निवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण कोरड्याच आहोत. तो मागे छत्री धरून उभा होता, आणि स्वतः पार निथळत होता.

"तुम्ही कशाला भिजलात?"

"पाहणी करत होतो," तो म्हणाला.

त्यानंतर तो आलाच नाही. आल्या त्या निधीच्या मोठ्या बाई. खुर्चीवर बसल्या आणि थेट म्हणाल्या, "तुमच्या पाहणीचं काम त्यांनी माझ्याकडे परत दिलंय. म्हणाले, माझ्याकडून निष्पक्ष निर्णय होणार नाही, तिथे एका व्यक्तीत जीव गुंतलाय. ती तुम्ही. आता तुम्ही सांगा, दोघांत काही आहे का? नसेल तर ते एकतर्फी आहे असं समजून मी त्यांनाच काम पुरं करायला लावीन. असेल तर दुसरा माणूस पहिल्यापासून पाहणी करेल. आणि तो हात आखडूनच देतो, हेही सांगून ठेवते."

"एक मिनिट..." म्हणून ती आतल्या खोलीत गेली. मामा कप धूत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नाही म्हणून मोकळी हो," ते हळूच म्हणाले. "खिडकीला आपलं काम पटलंय."

"मामा, दोन्ही गल्ल्या आपल्याला आत का घेतात?"

मामांनी नळ बंद केला. "खोटं बोलत नाही म्हणून."

"मग?"

"मग... आहे का काही?"

"आहे."

"कधीपासून?"

"मामा!"

"पाहणीत विचारतात." त्यांनी हात पुसले. "तुझी मामी गेली, तरी घराचं कुलूप काढताना मी अजून खोकतो. आत ती आहे, तिला मी आल्याचं कळावं असं वाटतं. जा, सांग खरं काय ते. पैसे कमी पडले तर मी सकाळी कुणाचा तरी टेम्पो चालवीन."

ती बाहेर आली. "त्यांनी मला काहीच सांगितलेलं नाही. मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. पण माझ्याकडून आहे."

"तुम्हाला सांगितलंच नाही?" बाई उठता उठता परत बसल्या. "आणि माझ्यासमोर मान खाली घालून अर्धा तास बसला होता तो! कमाल आहे."

दुसऱ्या अधिकाऱ्याने दोन महिने लावले. अनुदान निम्मंच मिळालं. एक खोली सोडावी लागली, मामांनी खरंच सकाळी टेम्पो धरला. दुपारनंतर मात्र ते गल्लीत असायचे. काम चालू राहिलं.

निर्णय आला त्याच संध्याकाळी तो आला. भुवईवर बारीक पांढरी रेघ राहिली होती.

"सगळ्या जगाला सांगून झालं?" तिने विचारलं. दोन महिन्यांचा राग होता, आवाजात उतरलाच.

"तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर अनुदानाच्या बदल्यात विचारतोय असं झालं असतं. तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं."

"माझ्यामुळे निम्मे पैसे गेले."

"माझ्यामुळे."

"दोघांमुळे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आता नाही म्हणता येईल मला?"

"आता माझ्या हातात तुमचं काहीच नाही."

"मग विचारा ना..."

त्याने विचारलं. अगदी साध्या शब्दांत, दोनदा अडखळून. तिचं उत्तर त्याहून लहान होतं. तिचा हात त्याच्या हातात होता, आणि तो तिने काढून घेतला नाही.

बाहेरून मामांचा आवाज आला, "आत काय चाललंय? भांडण आहे का? इतकं शांत कसं?"

"नाही मामा," ती म्हणाली. "मिटलं."