चार मीटर कमी

"अहो, बाजूला व्हा आधी!" ती ओरडलीच. दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये, ऐन मधोमध, चहाचे दोन कप घेऊन हा उभा! पेशंट सहा मिनिटांत किती चालतो ते मोजणारी ती फिजिओथेरपिस्ट. आणि अडलेला पेशंट म्हणजे याचेच बाबा, निवृत्त बसड्रायव्हर.

"शिट्टी का नाही ठेवत? घसा तरी वाचेल," तो म्हणाला. ती हसली नाही. जिन्यात पोचल्यावर मात्र हसली.

मग तपासण्यांसाठी तीन आठवडे बापलेक येत राहिले. एकदा त्यानं विचारलं, "आजार फुप्फुसाचा, मग पाय का वाळले हो?"

"अंगातली जुनी सूज स्नायूंना सारखा निरोप धाडते — प्रथिनं मोडा, मोडा. बांधकाम मागे पडतं. नवं औषध तो निरोप अडवेल, अशी आशा आहे."

"सगळेच निरोप नाही ना अडवत?"

"कुणाचा आहे त्यावर..." ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

त्या औषधाच्या चाचणीत नाव लागायचं तर तीनशे मीटर चालणं भाग होतं. शुक्रवार शेवटचा दिवस. बाबा चालू लागले, तिनं घड्याळ लावलं. पाचव्या मिनिटाला त्यांना धाप लागली. पोराला राहवलं नाही; पाणी घेऊन धावला. बाबा थांबले. घड्याळ थोडंच थांबतंय!

दोनशे शहाण्णव.

"चार मीटर..." तो कळवळला. "माझ्यामुळे गेले. लिहा ना तीनशे. कोण बघतंय?"

लिहावं असं तिला फार वाटलं. खरंच वाटलं. "नाही लिहिता येणार," ती म्हणाली. "औषध लागू पडतं की नाही, ते याच आकड्यांवर ठरणार. पण सोमवारपासून त्यांना माझ्याकडे व्यायामाला आणा. पायांत ताकद येते त्यानं."

तो बाबांचा हात धरून तडक निघून गेला.

दोन दिवस तिनं कसेबसे काढले. आता कसला येतोय हा, असं शंभरदा मनाशी म्हटलं. "तोंडाला कुलूप का गं?" आई विचारून थकली.

सोमवारी दहाला दार उघडलं. बाबा पुढे, तो मागे, मान खाली.

"चिडलो होतो... स्वतःवरच. राग मात्र तुमच्यावर काढला."

"आणि मी काय म्हटलं ते सांग की!" बाबांनी कोपर मारलं.

"बाबा म्हणाले... जी पोरगी आपल्यासाठी चार मीटरसुद्धा खोटं लिहीत नाही, तिला एकदा विचारून घे. सांगेल ते खरंच असेल."

"काय विचारायचंय?" तिनं हातातली फाईल मिटली.

"मला तुम्ही आवडता. तुम्हाला मी...?"

बाबा मुद्दाम खिडकीबाहेर बघू लागले.

"आवडता," ती म्हणाली. "शुक्रवारपासून घास उतरत नाहीये माझ्या घशाखाली."