उशिरा पोचलेलं ‘थांब’

आबांनी “थांब” म्हटलं तेव्हा आईची गाडी भेगेपासून पंचवीस मीटरवर होती. ती थांबली तेव्हा दोन मीटर उरले होते. मधले नऊ सेकंद मी नकाशावरचा तिचा हिरवा ठिपका पुढे सरकताना बघत होते.

आमची चांदवस्ती चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आहे. शेजारच्या विवरात (उल्का आदळून झालेल्या मोठ्या खड्ड्यात) ऊन कधीच पोचत नाही, म्हणून तिथे बर्फ टिकून राहिलाय. माझी आई तो गाडीतून आणते आणि त्याचंच पाणी आम्ही पितो. विवरातल्या काळोखात आणि उडणाऱ्या धुळीत चालकाला समोरचं धड दिसत नाही, म्हणून प्रत्येक चालकाच्या घरी एक वाटाड्या असतो. तो उपग्रहाने दाखवलेला नकाशा बघत मोबाइलवरून सांगत राहतो, डावीकडे घे, हळू, थांब. आईचे वाटाडे म्हणजे तिचे वडील, माझे आबा. आबा संख्याशास्त्रज्ञ. घरात चमचे किती आहेत हेसुद्धा ते अंदाजाने सांगतात आणि अंदाज चुकला तर चमच्यांवरच संशय घेतात.

पण त्या दिवशी ते गंमत करत नव्हते. आईचा आवाज आला तोही उशिरानेच. समोर भेग आहे, मी थांबलेय, दीड तासाचा प्राणवायू आहे, असं ती म्हणाली. परत यायचं तर कड्याच्या काठाने अकरा वळणं होती. शब्द नऊ सेकंदांनी पोचणार असतील, तर अकरांपैकी एक तरी वळण हुकणारच. आबांनी तिला जागेवरच उभं राहायला सांगितलं.

मला एक गोष्ट कळेना. शेजारचे बोरकर आठ दिवसांपूर्वीच्या यानातून वस्तीत आले होते. त्यांच्याकडे सुलभामावशी बोरकरकाकांना वाट सांगत होत्या, आणि काकांचं उत्तर भिंतीपलीकडून लगेच ऐकू येत होतं. मोबाइलची कंपनी तीच, चंद्रवाणी. मनोरा तोच. मोबाइलसुद्धा आमच्यासारखाच. मग त्यांचे शब्द धावत का जात होते आणि आमचे रांगत का? मी धावत जाऊन विचारलं. मावशींनी कान मोबाइललाच ठेवून सांगितलं की नव्या ग्राहकांना जलदमार्ग सहा महिने मोफत मिळतो. तुमच्याकडे नाही का, म्हणून त्यांनाच नवल वाटलं. त्यांचा मोबाइल मागून उपयोग नव्हता, कारण आईच्या गाडीतला संच आमच्याच जोडणीवर चालतो.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आबा खुर्चीत मटकन बसले. मनोऱ्यावरून एका वेळी ठरावीकच शब्द जाऊ शकतात, ते म्हणाले. त्या जागेला तरंगपट्टा (आवाज वाहून नेणाऱ्या लहरींचा रस्ता) म्हणतात. नव्या लोकांना पुढे सोडलं की जुने मागे थांबतात. दर यानाबरोबर नवे येतात, आणि आपण आणखी मागे जातो. आजवर उशीर सेकंदाभराचाच होता, म्हणून जाणवला नाही. आणखी एक यान तासाभरात उतरणार होतं.

“पण आपण सात वर्षं त्यांचेच आहोत,” मी म्हटलं. “आपल्याला आधी द्यायला हवं ना?”

आबांनी खिडकीतल्या कुंड्यांकडे बोट केलं. पाणी मोजकं मिळतं, तू आधी कुणाला घालतेस, असं त्यांनी विचारलं. टोमॅटोला, मी म्हटलं, तो लगेच मान टाकतो. आणि कोरफडीला? कोरफड कधीच मान टाकत नाही, म्हणून मी तिला सगळ्यात शेवटी घालते. कधी कधी घालतच नाही. जवळ जाऊन बघितलं तर तिची पानं खालून तपकिरी पडली होती.

“कंपनीचा संगणक हेच करतो,” आबा म्हणाले. “तो प्रत्येक घराची संभाव्यता काढतो, म्हणजे हे घर आपल्याला सोडून जाण्याची किती शक्यता आहे तो आकडा. ज्याचा आकडा मोठा, त्याला तो चुचकारतो. ज्याचा शून्य, त्याला काही देण्याची संगणकाला गरजच वाटत नाही. त्याला राग नसतो, लोभ नसतो. त्याला फक्त आकडा दिसतो.”

मग त्यांनी मान खाली घातली. आमचा आकडा शून्य का होता, ते आता त्यांना कळलं होतं. दर सोमवारी कंपनीचा ग्राहकमित्र (माणसासारखा बोलणारा संगणक) विचारतो, सेवा कशी वाटली? आणि सात वर्षं दर सोमवारी आबा उत्तर देतात, उत्तम, काही तक्रार नाही. कुणी आपुलकीने विचारलं तर कुरकुर करायची नाही, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. ते जिभेला इतकं सवयीचं झालंय की ताप असला तरी ते डॉक्टरांना ठीक आहे म्हणून सांगतात.

आबांनी ग्राहकमित्राला बोलावलं. “सेवा जरा हळू वाटते,” ते म्हणाले, “जमल्यास बघा.” ग्राहकमित्राने मानाचे ग्राहक म्हणून आमचे आभार मानले आणि तो बंद झाला. आईचं पुढचं वाक्य बारा सेकंदांनी आलं. गाडीखालची धूळ सरकतेय असं वाटतंय, ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. ती घाबरली की नेहमी शांत बोलते.

मी आबांच्या हातातून मोबाइल घेतला.

“आम्हाला तक्रार आहे,” मी म्हटलं. “आम्ही दुसऱ्या कंपनीकडे जातोय. आत्ता.”

“कृपया थांबा,” ग्राहकमित्र म्हणाला. “आपल्यासाठी जलदमार्ग सुरू केला आहे.”

एका क्षणात झालं ते. सात वर्षांत कधीही होऊ शकलं असतं. मला रडू आलं, पण आधी आईचा श्वास ऐकू आला, अगदी कानाशी. आबांनी वाट सांगायला सुरुवात केली. ते “डावीकडे” म्हणाले की ठिपका डावीकडे वळायचा. तिसऱ्या वळणावर मागची कड ढासळली. अकरावं वळण झालं तेव्हा आबांचा सदरा घामाने भिजला होता.

आई घरी आली, मला घट्ट धरून बसली. तेवढ्यात नवं यान उतरल्याची घोषणा झाली. तरंगपट्टा तर तेवढाच होता. “आबा, आपण पुढे गेलो, मग मागे कोण गेलं?”

आबा म्हणाले, “आपल्यासारखंच कुणीतरी. तक्रार न करणारं.”

आमच्यासारखेच जुने कानडेआजोबा मला लगेच आठवले, तेही कधी तक्रार करत नसत. त्यांचा मुलगा उद्या विवरात उतरणार होता. आम्ही तसेच निघालो आणि सगळ्या जुन्या घरांची दारं वाजवली. सुलभामावशीही आल्या, कारण सहा महिन्यांनी त्याही जुन्याच होणार होत्या. त्या संध्याकाळच्या सभेत ठरलं की सगळे वाटाडे मिळून एकच मागणी करतील, वाटाड्याचा आवाज आधी, मग बाकी सगळं. मागणी मान्य होईपर्यंत कुणी विवरात उतरलं नाही. पाणी अर्ध्यावर आलं, पण कुणी कुरकुरलं नाही.

सोमवारी ग्राहकमित्राने नेहमीसारखंच विचारलं. आबांच्या ओठांवर “उत्तम” आलं होतं, मला दिसलं. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, “बरी नाही.” सव्वीस घरांतून तेच उत्तर गेलं, आणि दुपारी मनोऱ्याचा नियम बदलला.

कोरफडीला मी आता रोज थोडं पाणी घालते. तिला एक नवं पान फुटलंय. भीती मात्र पुरती गेलेली नाही. आबा “थांब” म्हणाले की मी श्वास रोखून मोजते. एक म्हणते, आणि ठिपका थांबलेला असतो.