धरलंय ना, ताई?

चहाचा घोट घेऊन रोहिणीताई काय म्हणणार, हे तंबूतल्या सगळ्यांना तिने कप उचलायच्या आधीच कळलं. खांबावरच्या पेटीतून तिचाच आवाज आला, "गरम पाणी आहे नुसतं. आलं काय वासापुरतं दाखवलं होतं?" मग खऱ्या रोहिणीताईने घोट घेतला, तोंड उघडलं, पेटीकडे रागाने पाहिलं आणि तोंड मिटलं. तिला नेमकं तेच म्हणायचं होतं.

"मेली माझ्याआधी बोलते," ती पुटपुटली. सगळे खदाखदा हसले. चहा केला होता मयूरीने, तिच्या भावजयीने. मयूरी हसली नाही. टोमणा पेटीने मारला काय नि नणंदेने मारला काय, लागायचा तिथे लागलाच होता.

'एक दोर' या कार्यक्रमात रोज सकाळी हा खेळ चाले. जुन्नरच्या डोंगरात एका सुळक्याच्या पायथ्याशी तंबू ठोकून जोडीजोडीने गिर्यारोहक ठेवले होते आणि अख्खा महाराष्ट्र त्यांची भांडणं मिटक्या मारत बघत होता. प्रत्येकाच्या कानामागे बोटाएवढी पट्टी चिकटवलेली. माणूस काय बोलतो, कशाने चिडतो, छाती कधी धडधडते, पाय कुठे अडखळतो, ते सगळं ती पट्टी टिपून घ्यायची आणि त्यातून त्या माणसाची एक बोलती नक्कल तयार व्हायची. अभियंत्यांनी तिला लांबलचक नाव दिलं होतं, पण तंबूत सगळे तिला प्रतिमन म्हणत. आधी ते फक्त चहाबद्दल बोलायचं. हळूहळू माणूस उद्या काय करील तेही सांगू लागलं आणि ते इतकं बरोबर यायला लागलं, की लोक पेटीजवळून जाताना आवाज खाली आणू लागले.

रोहिणी ढोमसे ही मयूरीची थोरली नणंद. लग्न केलं नाही, डोंगर केले. मयूरी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला दोराची साधी गाठ येत नव्हती. रोहिणीताईनेच तिला स्वयंपाकघरातून ओढून कड्यावर नेलं. शिकवताना शिव्या भरपूर दिल्या, पण शिकवलं मन लावून. एक नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगितला होता.

"जमिनीवर असताना गाठ दहादा बघ. तुझी बघ, माझी बघ, मला खेकसून विचार. पण एकदा का पाय उचललास, की 'धरलंय ना' म्हणून विचारायचं नाही. खाली मी आहे म्हणजे आहे. विचारलंस तर सोडून देईन."

मयूरीने कधी विचारलं नाही आणि दोर कधी सुटला नाही.

हे नुसतं बोलणं नव्हतं, रोहिणीताईचा स्वभावच तो. तिच्यावर कुणी संशय घेतला, की ती संशय खरा करून दाखवायची. एका दिवाळीत सासूबाईंनी अनारशांचा डबा उघडून तिला विचारलं, "तू खाल्लेस का गं?" तिने एकाही अनारशाला हात लावला नव्हता. त्या प्रश्नानंतर ती डबा मांडीवर घेऊन आईसमोर बसली आणि सगळे अनारसे खाल्ले. मग पुढे दोन दिवस पोट धरून पडली होती. "आता विचार," एवढंच म्हणायची. ही गोष्ट घरात दर दिवाळीला निघे आणि सगळ्यात मोठ्याने मयूरी हसे.

शेवटच्या आठवड्यात आयोजकांनी नवा नियम काढला. बक्षीस म्हणून ठेवलेल्या ध्रुवावरच्या मोहिमेत जागा एकच होती आणि त्या जागेसाठीच तर हा सगळा तमाशा चालला होता. प्रत्येक जोडीतल्या दोघांनी वेगवेगळ्या खोलीत जाऊन एक कळ दाबायची, 'सोबत' किंवा 'एकटी', पुरुषांना 'एकटा'. म्हणजे मयूरी आणि रोहिणीताई दोघींनी 'सोबत' दाबलं तर दोघी अंतिम चढाईला जाणार. एकीने 'एकटी' दाबलं तर तिच्या एकटीला संधी आणि दुसरीने घरी जायचं. दोघींनी 'एकटी' दाबलं तर दोघींचाही पत्ता कट. त्याआधी ज्याला हवं त्याने आपल्या जोडीदाराच्या प्रतिमनाला एक प्रश्न विचारायचा. एकच.

तंबूचं वातावरण त्या दिवसापासून नासलं. सांगलीच्या जुळ्या भावांतला एक विचारून आला आणि त्याने दुसऱ्याच्या कानाखाली आवाज काढला. एकाच ताटात जेवणारी माणसं एकमेकांकडे पाठ करून जेवू लागली.

"आपण नाही जायचं त्या पेटीपुढे," रोहिणीताई म्हणाली. "तू नाही, मी नाही. शब्द दे."

"दिला, ताई."

"गळ्यावर हात ठेवून दे."

मयूरीने गळ्यावर हात ठेवून शब्द दिला, आणि त्या क्षणी तो खराही होता.

तो मोडला दुसऱ्या दिवशीच्या सरावात. मयूरीचा पाय एका खोबणीतून दोनदा निसटला. खाली सगळे उभे होते, कॅमेरे होते, आणि रोहिणीताई सगळ्यांदेखत ओरडली, "ही काय माझी जोडीदार! ढोमश्यांची सून म्हणून दोराला बांधून आणलीय हिला. नाहीतर हिला कोण ओळखतं?"

रोहिणीताई असलं पुष्कळ बोलायची. पण हे मयूरीच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. माहेरी ती अमक्याची लेक, सासरी तमक्याची बायको, डोंगरावर रोहिणीची भावजय. ध्रुवावर तिला कुणी कुणाची कोण म्हणून विचारणार नव्हतं. तिथे फक्त तिचं नाव असणार होतं. त्यासाठी ती रोज बोटं सोलून घेत होती आणि ही बाई ते नाव देणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं. सोबत नेईल आणि शेवटच्या टप्प्यात ढकलून देईल. नाहीतर आधीच 'एकटी' दाबून मोकळी होईल.

संध्याकाळी ती प्रश्नाच्या तंबूत गेली. आत एक खुर्ची, एक पेटी आणि कोपऱ्यात तंत्रप्रमुख नंदिता पारसनीस. बाईंनी मान हलवून बस म्हटलं.

मयूरी पेटीसमोर बसली. "ताई, उद्या तुम्ही कोणती कळ दाबणार?"

पेटी गप्प राहिली. इतर वेळी ती इतकी थांबत नसे.

"तू आलीस विचारायला?" पेटीतून रोहिणीताईचा आवाज आला. मयूरीने खुर्चीची कड घट्ट धरली.

"एकटी," आवाज म्हणाला. "झालं समाधान? ऊठ आता."

रात्रभर मयूरीने मनातल्या मनात नणंदेला लाखोली वाहिली. शब्द दे म्हणाली, गळ्यावर हात ठेवायला लावला, आणि स्वतःच्या पोटात हे! शेजारच्या खाटेवर रोहिणीताई बिनघोर घोरत होती, त्याचाही मयूरीला राग आला. सकाळी तिने चहा केला नाही. कळ दाबायच्या खोलीत गेली आणि सरळ 'एकटी' दाबली. दोघी बाहेर पडू, पण हिला एकटीला जाऊ देणार नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

निकाल सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर लागला. मयूरीच्या नावापुढे 'एकटी'. रोहिणीताईच्या नावापुढे 'सोबत'.

बघणाऱ्यांतून कुणीतरी शिट्टी मारली. रोहिणीताईने पडदा पुन्हा एकदा वाचला, चष्मा नाकावर वर सरकवला आणि विचारलं, "गेली होतीस?"

मयूरीने मान खाली घातली. रोहिणीताई ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर मयूरीला उलट ओरडता आलं असतं. ती नुसती वळली आणि आपलं सामान भरायला निघून गेली.

मयूरी तरातरा पारसनीसबाईंकडे गेली. "तुमचं यंत्र खोटारडं आहे! 'एकटी' म्हणालं होतं. माझ्या घरात आग लावलीत तुम्ही!"

"ते खोटं बोललं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांच्या त्या शांतपणाने मयूरी आणखी भडकली. "प्रतिमन म्हणजे भविष्य सांगणारा पोपट नव्हे. ते त्या माणसासारखं ऐकतं, त्या माणसासारखं उत्तर देतं. तुमचा आवाज त्याने ओळखला. तुम्ही प्रश्न विचारलात, म्हणजे शब्द मोडलात, हे त्याला त्याच क्षणी कळलं. ज्या रोहिणीताईंना तुम्ही शब्द मोडल्याचं कळलंय, त्या काय करतील, ते त्याने सांगितलं. खऱ्या रोहिणीताईंना ते ठाऊकच नव्हतं. म्हणून त्यांनी 'सोबत' दाबलं."

"मग हे मला आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही त्यांच्याबरोबर एका घरात राहता. संशय घेतला की त्या काय करतात, हे मी तुम्हाला सांगायचं?"

मयूरीला अनारशांचा डबा आठवला. दर दिवाळीला ती ज्या गोष्टीवर हसत आली होती, तीच गोष्ट ऐन वेळी तिच्या डोक्यातून गेली होती. पारसनीसबाईंना चार शिव्या द्याव्यात असं तिला वाटलं, पण त्या शिव्यांची खरी धनी ती स्वतःच होती.

अंतिम चढाईच्या दिवशी आयोजकांनी शेवटचं मीठ चोळलं. बाद झालेल्या जोडीदारानेच खालून दोर धरायचा. सुळक्याच्या पलीकडच्या बाजूने साताऱ्याचा एक गडी चढणार, आधी माथ्यावर पोचेल त्याची जागा. घसरलात आणि जोडीदाराने सावरलं तर पुढे चढता येईल. जोडीदाराने सोडलं तर यंत्राचा लाल दोर जीव वाचवील, पण मग तुम्ही बाद. जोडीदाराला नकार द्यायची मुभा होती. रोहिणीताई नकार देणार असंच सगळे धरून चालले होते. ती आली. कंबरेला पट्टा आवळला, हातमोजे चढवले.

मयूरीने तिची गाठ तपासली. रोहिणीताईने मयूरीची तपासली, दोनदा ओढून पाहिली. दोघींची नजरानजर झाली नाही.

"ताई..."

"माझा प्रश्न शिल्लक होता," रोहिणीताई दोराकडे बघत म्हणाली. "बाद झाले तरी तो माझाच, असं त्या बाई म्हणाल्या. आज सकाळी विचारला. तुझ्या प्रतिमनाला."

"काय विचारलंत?"

"वरच्या लटकत्या कातळाखाली पोचलीस, की मला विचारशील का. धरलंय का, म्हणून."

"मग काय म्हणालं?"

"चढ," रोहिणीताई म्हणाली.

मयूरी चढू लागली. खालचा निम्मा कडा तिच्या बोटांना पाठ होता. त्यावर कातळ छपरासारखा पुढे आला होता. तिथे पाय सोडून, उडी मारूनच वरची कड पकडावी लागे. त्या छपराखाली ती पोचली तेव्हा उन्हाने दगड तापला होता आणि बोटांना घाम फुटला होता. तिथून खालचं माणूस दिसत नाही. दिसतो फक्त आपल्या कंबरेपासून खाली गेलेला दोर, आणि त्याच्या टोकाशी कोण काय करतंय ते दोर सांगत नाही.

शिरस्त्राणातल्या इअरफोनमधून तिला खाली रोहिणीताईचा श्वास ऐकू येत होता. ताईला सोडायचंच असेल तर याहून चांगली जागा नव्हती. अख्खा महाराष्ट्र बघतोय, आणि सूड घेतला म्हणून कुणी नावं ठेवणार नाही. उलट टाळ्याच वाजवतील. मयूरीने स्वतःला रोहिणीताईच्या जागी ठेवून पाहिलं, आणि त्या जागी आपण दोर सोडला असता, हे तिला लख्ख कळलं. तिला स्वतःची शिसारी आली.

"ता..." शब्द ओठांपर्यंत आला. खालचा श्वास थांबला.

मयूरीने ओठ चावले, पाय सोडले आणि उडी मारली.

उजव्या हाताला कड लागली. घामट बोटं तिच्यावर टेकली, घसरली आणि सुटली. कातळ वर वर जाऊ लागला. मग कंबरेला असा हिसका बसला की श्वास अडकला, आणि ती हवेत झोके खात राहिली. तिने घाबरत घाबरत शेजारी पाहिलं. यंत्राचा लाल दोर ढिला लोंबत होता. ताणला होता तो दुसरा.

मयूरीला रडू फुटलं आणि ते लपवायला तिथे पदर नव्हता, आडोसा नव्हता, होते फक्त कॅमेरे.

"काय म्हणालं होतं ते?" तिने शेवटी विचारलं.

"विचारशील म्हणालं."

"आणि तरी तुम्ही..."

"आता विचारतेस?" रोहिणीताईच्या आवाजाला धार आली. "हात पूस आणि चढ. तो साताऱ्याचा तुझ्यासाठी थांबलेला नाही. आणि जिंकलीस तरी घरी आल्यावर माझ्याशी बोलू नकोस."

मयूरीने हात कपड्यांना पुसले, कातळाला पाय लावले. प्रतिमनाने ती विचारील असं सांगितलं होतं, रोहिणीताईने ते ऐकलं होतं आणि ऐकूनही दोर हातात घेतला होता. मयूरीने मात्र पेटीचं ऐकलं आणि लगेच सोडून दिलं. या दोन गोष्टींमधलं अंतर पुढे कितीही कडे चढले तरी कमी होणार नव्हतं.

दुसऱ्या उडीसाठी तिने पाय रोवले. आपण तो शब्द पुरा उच्चारला असता, तर ताईने सोडलं असतं का? याचं उत्तर एकच पेटी देऊ शकली असती आणि मयूरीचा प्रश्न केव्हाच खर्च झाला होता. पण तो शिल्लक असता, तर या वेळी तरी तिला तो न विचारता राहवलं असतं का?