अबोली डायल

मॅचिंग सेंटरमध्ये पुरुष दोनच कारणांनी शिरतो. एक तर बायकोनं पाठवलं म्हणून, नाहीतर आत गेलेली बायको बाहेरच निघत नाही म्हणून. आखाडा बाळापूरच्या बाजारपेठेत वडिलांचं मॅचिंग सेंटर सांभाळणाऱ्या पुनमला हे तोंडपाठ होतं. त्यामुळे बाजाराच्या दिवशी, बायकांची कोपरं चुकवत एक उंच, अवघडलेला तरुण काउंटरशी आला, तेव्हा तिनं मान वर न करताच हात पुढं केला.

"बोला भाऊ. साडी आणली का?"

"साडी न्हाई... घड्याळ हाय."

आता मात्र तिनं मान वर केली. त्याच्या मोबाइलवर एका घड्याळाचा फोटो होता. परदेशी, भारीतलं, गुलाबी म्हणावं तर गुलाबी नाही अन् नारिंगी म्हणावं तर नारिंगी नाही, अशा डायलचं.

"या रंगाचा तुकडा पाहिजे होता."

"आमी घड्याळाला ब्लाउज शिवत न्हाई, भाऊ!"

दुकानभर खसखस पिकली. बिचारा कानापर्यंत लाल झाला, पण जागचा हलला नाही. हे पुनमला आवडलं.

मग हळूहळू उलगडा झाला. हा वैजनाथ, जवळा बाजार गावचा. बाळापुरात गुरांचा डॉक्टर. याला लहानपणापासून घड्याळांचं वेड, आणि पुण्याचे अमृतरावमामा त्याला मनाजोगतं घड्याळ देणार होते, डायलचा रंग तेवढा तू सांग म्हणाले होते. याचा जीव जडला होता या रंगावर. पण कंपनी त्या रंगाला 'सॅल्मन' म्हणते, आणि हा शहाणा तेच नाव घरी बोलून बसला.

"सॅल्मन म्हंजे मासा," तो कळवळून म्हणाला. "आमचे बाबा पक्के माळकरी. म्हणले, या तातेरावच्या घरात मासोळीचं घड्याळ येणार न्हाई! आज सॅल्मन, उद्या बोंबील!"

"मग काळा घ्या की."

"काळा वकिलाला शोभतो."

"निळा?"

"ज्याला काही ठरवता येत न्हाई, तो निळा घेतो."

"मग हिरवा घ्या, झकास!"

"हिरवा घातला की लोक इचारतेत, कोणत्या वॉर्डातून उभे राहून राहिले?"

पुनमला हसू आवरेना. "अन् म्हशीच्या पोटात हात घालता तवा हे भारीतलं घड्याळ कुठं ठेवणार हो?"

"डाव्या मनगटात," तो गंभीरपणे म्हणाला. "घालतो उजवा."

हसता हसता तिनं फळीवरचे तीन-चार तागे बगलेत मारले. "चला उन्हात. ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतो."

फुटपाथवर आल्यावर वेगळीच पंचाईत झाली. कापड बघायला ऊन हवं, अन् उन्हात मोबाइल दिसेना. शेवटी तिनं आपल्या ओढणीची सावली धरली, दोघांची डोकी तिच्याखाली वाकली, आणि... काय सांगावं... एवढ्या बाजाराचा गलका क्षणभर कुठल्या कुठं गेला. त्याच्या सदऱ्याला डेटॉलचा वास येत होता. पुनमला तो वास इतका चांगला असतो हे माहीतच नव्हतं.

"अहो, ही तर अबोली!" ती एकदम ओरडली. "मासोळी कुठली घेऊन बसले? बाबाला म्हणावं, फुलाचा रंग हाय."

"अबोली..." त्यानं शब्द जपून उच्चारला. तिनं कापून दिलेली कापडाची पट्टी खिशात ठेवली. जाताना "थँक्यू..." म्हणाला आणि पुढचं 'ताई' गिळलं. ते तिच्या बरोबर ध्यानात आलं. तिचं 'भाऊ'सुद्धा तोवर कुठंतरी सांडलं होतं.

पुढच्या बाजारी तो धावतच आला. "बाबा व्हय म्हणले! पट्टी हातात घेऊन बसले कितीतरी वेळ. म्हणले, तुझी आई अबोलीचाच गजरा माळायची..." आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्यानंतर तो येतच राहिला. कधी सुईदोरा, कधी हुक, एकदा तर चक्क परकराची नाडी. गुरांच्या डॉक्टरला परकराची नाडी कशाला लागते, हे पुनमनं विचारलं नाही. विचारलं असतं तर येणं बंद झालं असतं ना!

एक दिवस मात्र ती सहज विचारून बसली. "काय मग, घड्याळ कधी येऊन राहिलं?"

"लग्नात. मामा लग्नातच देणार हायेत."

तेवढ्यात जाफराबादी म्हैस अडल्याचा फोन आला आणि तो पळाला. पुनम कात्री हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणजे याचं लग्न ठरलेलं आहे. म्हणजे ती येडी. तो तिला मनापासून आवडला होता, आणि तो दुसरीचाच नवरदेव होता. त्या दिवशी तिनं नेहमीच्या गिऱ्हाइक द्वारकाबाईंना चिंतामणी निळ्याऐवजी मेहंदी हिरवा तुकडा फाडून दिला.

पुढच्या बाजारी द्वारकाबाई तो तुकडा नाचवत आल्या. "डोळे फुटले होते काय गं पोरी?"

पुनमनं भिंतीवरची पाटी दाखवली : फाडलेला माल परत घेतला जाणार नाही. आता जुंपणार, तोच दारात वैजनाथ!

"बोला *भाऊ*," पुनम म्हणाली. भाऊवर असा जोर दिला की तो दोन पावलं मागं सरला.

"अबोली... ब्लाउजपीस पाहिजे. नवरीसाठी. डायलला जुळणारा."

तिनं तागा काउंटरवर आपटला. "नवरीचा रंग कसा हाय?"

"गव्हाळ."

"स्वभावानं?"

"तोंडाळ. पण हसली की माणसाला काही सुचत न्हाई."

"मग तिलाच आणायचं होतं. काहून मला तकलीफ?"

"तिला अजून इचारलंच न्हाई," वैजनाथ म्हणाला. "मामा म्हणले, आधी पोरगी ठरव, मग घड्याळ. डायल ठरला. पोरगीबी त्याच दिवशी ठरली... माझ्याकडून. तुमी सांगा, पुनम. जुळतंय का?"

पुनमनं आपटलेला तागा हलकेच जवळ ओढला. द्वारकाबाई भांडण विसरल्या.

"फाडलेला माल..." पुनम कशीबशी म्हणाली, "परत घेत न्हाई आमी. मागून म्हणाल, निळाच बरा होता."

"न्हाई म्हणणार."

"उन्हात बघितलं का नीट?"

"त्या दिवशी ओढणीखाली. रंग सोडून सगळं बघितलं."

तिनं कात्रीनं काठाला चीर दिली. दोन्ही हातांनी कापड धरलं. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"मग... फाडू?"

"फाडा."

टर्रकन् कापड फाटलं.

"अगं, अन् माझ्या चिंतामणीचं काय?" द्वारकाबाई भानावर आल्या. "या भाऊला बरं लगेच फाडून दिलं!"

"भाऊ नका म्हणू त्यांना!" पुनम एवढ्या मोठ्यानं ओरडली की समोरच्या भांड्याच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा वळून बघू लागली.