छातीवरचं मीठ

"दुपारपर्यंत कालच्या फाशीत लबाडी झाल्याचं सिद्ध झालं, तर बहिणीला पुन्हा फासावर चढवणार आहेत साहेब," एल्स्पेथ म्हणाली. मासळी विकून राठ झालेल्या हातांनी तिनं दाराची चौकट धरली होती.

बाळंतपण लपवणं हा तेव्हा देहदंडाचा गुन्हा होता; त्यासाठी तिची बहीण इझोबेल हिला काल एडिंबराच्या चौकात फाशी झाली. शवपेटी गाडीतून गावी निघाली. वाटेत सोबतची मंडळी एका गुत्त्यावर बिअर प्यायला थांबली, तोच पेटीतून ठोके आले. उघडतात तर बाई जिवंत!

अडलेल्यांचे गुंते सोडवणारे निनियन हॉग लगेच निघाले. मागून धापा टाकत त्यांचा कारकून टॅम.

जल्लाद भडकला. "अर्धा तास लटकली. पाय मी स्वतः ओढले, नाडी वैद्यानं पाहिली. लाच खाल्ली असती तर हे फाटके बूट घातले असते का?"

"खिळे सहा होते," सुतार म्हणाला. "एल्स्पेथनं दोनच ठोकू दिले. म्हणे, आईला तोंड पाहायचंय. पेटीत निजवलं तिनंच. मीठ आणि बशीही घरून आणली होती, रिवाजाप्रमाणे मेलेल्याच्या छातीवर ठेवायला."

"पेटीत मिठाचा कण नव्हता," गुत्तेवाली म्हणाली. "पुडी हिच्या शालीत तशीच बांधलेली."

"मी ठेवलं होतं," एल्स्पेथ खाली बघत म्हणाली.

टॅमनं हॉगना बाजूला ओढलं. बहीण जगणार हे हिला ठाऊक होतं, म्हणजे कट होताच.

"साहेब, हे न्यायाधीशांपुढे बोलू नका. बाई मरेल."

"तेच बोलणार आहे."

न्यायाधीशांपुढे हॉग म्हणाले, "मीठ ठेवलं, असं एल्स्पेथ खोटं बोलली. मीठ ठेवताना तिच्या हाताला श्वास लागला. म्हणून मीठ ठेवायचं राहिलं, आणि आत हवा जावी म्हणून खिळे दोन. पण कट असता, तर मीठ देखाव्यासाठी आणलं असतं आणि देखाव्यासाठी सगळ्यांसमोर ठेवलंही असतं. हिनं ते खऱ्या प्रेतासाठी आणलं आणि ऐनवेळी हात आखडला. म्हणजे फास खरा होता. शिक्षा पुरी झाली."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.

"एकदा दिलेली फाशी पुन्हा देता येत नाही," ते म्हणाले. "जाऊ द्या तिला."

बाहेर इझोबेलनं घोगऱ्या आवाजात विचारलं, "कळलं होतं, तर ओरडली का नाहीस गं?"

"तिथंच पुन्हा टांगलं असतं तुला."

"आणि आत गुदमरले असते तर?"

"वाटभर तेच वाटत होतं," एल्स्पेथ म्हणाली. "आतून काहीच हालचाल नव्हती. मला वाटलं, जल्लादाच्या हातून सुटलीस आणि माझ्या हातून मेलीस."

इझोबेलनं तिचा राठ हात उचलून आपल्या छातीवर ठेवला.