मागे चालू आहे

बाबांच्या फोनची बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकत नव्हती, आणि थोरलीने ठरवलं होतं की ती टिकवायचीच. कशी, ते तिला माहीत नव्हतं. पण एकदा ठरवलं की ती भिंतीला धडका देणाऱ्यांतली होती. भिंत आधी दमायची.

सकाळी ती स्वतःच्या हाताने फोन काठोकाठ भरायची, बाबांच्या शर्टाच्या खिशात घालायची, खिशाचं बटण लावायची आणि कामावर जायची. इस्पितळाच्या धुलाईघरात ती मोठ्या यंत्रांवर होती. कपड्यांचे ओले गोळे, वाफ, आणि अंगात मुरलेला औषधी साबणाचा वास. ॲप्रनच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तिचा स्वतःचा फोन असायचा. दर चादरीमागे ती त्यात डोकवायची. नकाशावर एक निळा ठिपका हळूहळू सरकत असायचा. तो ठिपका म्हणजे बाबा.

बाबांना आपण जेवलो की नाही हे आठवत नसे. आई कधी गेली, हे दर आठवड्याला नव्याने सांगावं लागे. पण सकाळी बूट घालून चालायला निघायचं, हे विसरत नसत. एकदा कुलूप घालून पाहिलं, तर दार बडवून बडवून तळहात सुजवून घेतले. थोरलीने त्याच दिवशी कुलूप फेकून दिलं. चालू दे म्हातारा. ठिपका दिसतोय तोवर चालू दे.

पण एका दुपारी बॅटरी संपली, ठिपका विझला आणि बाबा हरवले. सांजावताना गावाबाहेरच्या ट्रक दुरुस्तीच्या अंगणात, टायरांच्या ढिगाला टेकून बसलेले सापडले. धाकटा भाऊ गाडी घेऊन आला, तो तोंड पाडूनच.

"ताई, पुन्हा एकदा असं झालं ना, तर त्यांना वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं. मी बोलून ठेवलंय."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं तर तू नाहीच म्हणणार."

"मग विचारायची गरजच नव्हती, उत्तर माहीत होतं तुला."

धाकटा वाईट नव्हता. दूर राहणारी माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त घाई असते. पण त्या संस्थेच्या चादरी थोरलीच्याच यंत्रात यायच्या. बाहेरच्या फलकावर काय वाटेल ते रंगवा, चादर खोटं बोलत नाही. त्या चादरींच्या कडांना कापडी पट्ट्या असायच्या, आणि कित्येक पट्ट्या गाठीसकट यायच्या. मनगटाएवढ्या फासाच्या गाठी, हात खाटेला बांधायच्या. नखं मोडेपर्यंत तिने त्या सोडवल्या होत्या. बाबांची गाठ सोडवायची वेळ ती स्वतःवर येऊ देणार नव्हती.

तर बॅटरी.

तिने पडद्याचा उजेड कमी केला. नको ती सगळी ॲप्स उडवली. नवी बॅटरी बसवली. फरक शून्य. शेवटी फोन घेऊन ती रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. खोक्याएवढं दुकान, आणि मालक स्वतःला फोनचा डॉक्टर म्हणवायचा. लोकही त्याला डॉक्टरच म्हणत, अर्धं कौतुकाने, अर्धं चेष्टेने.

"ताई, पेशंट ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण त्याच्या ताटातलं खाणारं दुसरंच कुणीतरी आहे."

"कोण?"

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. कुठल्या ॲपने किती बॅटरी खाल्ली, ते तिथे दिसत होतं. नकाशाने थोडी. फोन-कॉलने चिमूटभर. आणि बाकीची सगळी एकट्याने. त्याला चित्र नव्हतं, नाव नव्हतं. नावाच्या जागी कोरा पांढरा पट्टा, आणि त्याखाली बारीक अक्षरांत: मागे चालू आहे.

"नाव का नाही?"

"असतात असे फुकटे पाहुणे. दारातून येताना दिसत नाहीत, भात संपला की कळतं."

"उडव त्याला."

"उडत नाही. उडवायचं बटणच नाही दिलेलं. पण थांबवता येईल. हे बघा, 'सक्तीने थांबवा'." त्याचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच अडकला. त्याने खालचा आलेख सरकवून पाहिला. पुन्हा पाहिला.

"काय झालं?"

"काही नाही. फोन घरी पडून असला की हे काहीच खात नाही. चालायला लागला की हेही चालतं. फोन थांबला की थांबतं." त्याने फोन काउंटरवर ठेवला आणि अंगठा पँटला पुसला. "बाबा एकटेच जातात ना चालायला?"

"एकटेच."

"मग तुम्हीच दाबा, ताई. घरी जाऊन. मी नाही दाबत."

"अरे, डॉक्टर ना तू?"

"डॉक्टर फोनचा," तो म्हणाला. हसला, पण हसू ओठांपाशीच राहिलं.

भेकड मेला, असं म्हणून थोरली निघाली.

बाबांना एक जुनी खोड होती. जिना उतरताना, रस्ता ओलांडताना, ते मान न वळवता विचारायचे, "आहेस?" मग क्षणभर कान द्यायचे, आणि "हं" म्हणून पाऊल टाकायचे. ही खोड नोकरीतली. पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनवर गस्त घालायचं काम होतं त्यांचं. गस्तीला दोघं. पुढचा पाइपावर नजर ठेवून, गळती ऐकत चालणार. मागचा पुढच्याच्या पायाखालची जमीन बघणार, कारण गळतीने पोखरलेली जमीन माणूस गिळते. पुढच्याने मागे वळायचं नाही, नजर हलवायची नाही. फक्त विचारायचं, "आहेस?" मागच्याने म्हणायचं, "आहे." उत्तर आलं तरच पुढचं पाऊल.

पुढे वरच्यांना अक्कल सुचली. गळती तर पुढचा शोधतो, मग मागचा फुकटचा पगार कशाला खातो? मागच्याची जागाच कापली. मागे राहून सांभाळणारा माणूस खुर्चीवरून कधी दिसलाय कुणाला? बाबा त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकटेच गस्तीला जात राहिले. "आहेस?" विचारत राहिले, आणि चालत राहिले.

धाकटा लहानपणी त्यांची टिंगल करायचा. "बाबा, उत्तर कोण देतं हो तुम्हाला?"

"ज्याचं काम आहे तो," बाबा म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा खुर्चीत बसून बुटाच्या नाड्या बांधत होते तेव्हा, थोरलीने फोन हातात घेतला. कोरा पट्टा. मागे चालू आहे. तिने बटण दाबलं. फोनने विचारलं: हे थांबवल्यास काही गोष्टी नीट चालणार नाहीत. थांबवायचं?

"थांब म्हटलं ना," ती दातांत पुटपुटली, आणि हो म्हणाली.

बाबांचे हात नाडीवरच थांबले. त्यांनी मान वर केली आणि वळून पाठीमागे पाहिलं. पाठीमागे भिंत होती. त्यांना असं वळून पाहताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"काय हो बाबा?"

"काही नाही," ते म्हणाले. "गार वाटलं."

दुपारच्या सुट्टीत थोरलीने ॲप्रनमधून फोन काढला. बाबांची बॅटरी जवळजवळ भरलेलीच. ती वाफेत उभी राहून एकटीच हसली. जिंकली होती ती. एका चादरीची घडी घातली, दुसरीची घातली, पुन्हा पाहिलं. बॅटरी तशीच. ठिपकाही तसाच. तिसरी चादर, आणि ठिपका तिथेच, रस्त्याला जिथे दोन फाटे फुटतात त्या टोकावर.

तिने फोन लावला. बाबांनी उचलला. गाड्यांचा आवाज येत होता.

"बाबा, मी बोलतेय. उभे का आहात? घरी चला."

"आहेस?" बाबा म्हणाले. तिला नव्हे. आवाज फोनपासून लांब होता.

"बाबा?"

"बोलत नाही गं तो," बाबा कुजबुजले.

फोन ठेवते न ठेवते तोच धाकट्याचा आला. त्याच्याकडेही नकाशा होता. "ताई, ते कधीचे हललेले नाहीत. मी निघालोय. घरी येतोय. ते घरी नसतील, तर मीच जाऊन उचलतो आणि थेट तिकडे. आज विषय संपला."

"ते घरी असतील."

"बघूच."

थोरलीने ॲप्रन काढून यंत्रावर फेकला. सुपरवायझर बाई ओरडल्या, "शिफ्ट सोडून कुठे निघालीस?"

"बापाला आणायला. पगार कापा, नाहीतर मान कापा!"

बाबा फाट्यावर उभे होते, तिच्याकडे पाठ करून. उजवं पाऊल पुढे टाकायला उचललेलं, टाच वर, चवडा जमिनीवर. लोक त्यांना वळसा घालून जात होते. किती वेळ माणूस असा उभा राहील? त्यांची पोटरी थरथरत होती, पण टाच खाली येत नव्हती. ऊन थेट डोक्यावर. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"आहेस?" आवाज पार बसला होता.

"आहे बाबा, आहे." तिने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू नव्हे. तू घरची." त्यांनी मान वळवली नाही. "मी मागच्याला विचारतोय."

"मागचा नाही आता कुणी, बाबा. मी आहे ना? चला."

तिने दंड धरून ओढलं. काडीसारखा म्हातारा, पण जमिनीत पुरलेल्या पाइपासारखा जागचा हलला नाही.

"उत्तराशिवाय पाऊल टाकायचं नसतं," ते म्हणाले. मग लहान मुलासारखं, "त्याला कुणी थांबवलं गं?"

थोरलीने त्यांचा दंड सोडला.

तिच्या डोळ्यांपुढे पट्टीची गाठ आली. मनगटाएवढी. तिने बाबांच्या खिशाचं बटण काढलं, फोन बाहेर घेतला.

कोरा पट्टा होता तिथेच होता. त्याखाली आता दुसरी अक्षरं: थांबवलेलं आहे.

ज्याला हुसकायला ती महिनाभर झटली, त्यालाच आता बोलवायचं. बोलवायचं तर बोलवायचं. भीती वाटत नव्हती असं नाही. भीतीपेक्षा राग मोठा होता, एवढंच.

तिने परवानगीचं बटण सरकवलं. मागे चालू द्यायचं?

हो.

कायम?

तिने बाबांच्या थरथरत्या पोटरीकडे पाहिलं. हो. कायम.

फोन तिच्या तळहातात ऊबदार झाला. भाजत नव्हता. कुणी हात धरावा तसा.

"आहेस?" बाबा म्हणाले.

तिला काही ऐकू आलं नाही.

"हं," म्हणाले बाबा. टाच टेकली. आणि ते चालू लागले, सरळ, घराच्या दिशेला, एकदाही न अडखळता.

तिने फोन पुन्हा त्यांच्या खिशात घातला, बटण लावलं आणि त्यांच्या मागे निघाली. त्यांच्या अगदी पाठीशी जायचा तिने प्रयत्न केला. जमेना. पावलं भराभर टाकली तरी मध्ये एका माणसाएवढं अंतर राहायचंच. तिने नाद सोडला. घर जवळ येत होतं, धाकटा अजून पोहोचला नसेल. बाकी काही तिला नको होतं.

शेवटच्या गल्लीत एका इमारतीला रंग देत होते. एका बाजूला बांबूंची परांची, दुसऱ्या बाजूला भिंत, मधे एकच माणूस जाईल एवढी वाट. त्या वाटेत रंगारी शिडी घेऊन उभा होता. बाबांना पाहून त्याने शिडी उचलून भिंतीला लावली, अंग चोरलं.

"या आजोबा, या."

बाबा गेले.

थोरली पुढे झाली. रंगाऱ्याने तिच्यापुढे हात आडवा धरला. त्याची नजर तिच्या पुढच्या मोकळ्या जागेवरून हळूहळू सरकत होती, माणूस जातो त्या वेगाने.

"थांबा ताई," तो सहज म्हणाला. "आधी ह्यांना जाऊ द्या."

थोरली थांबली.

त्याने हात खाली घेतल्यावर मगच ती निघाली.